देव्हाऱ्यातली कादंबरी

कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी घरातली सगळी माणसं घरी परतल्याशिवाय वाचत नाही. एखादं माणूस बाहेर असलं की पुस्तक मिटते, उठते, उगीचच पाणी पिते, फाटकापर्यंत जाऊन येते. यावरून घरात माझी भरपूर थट्टा होते. सून म्हणते, "आई, चोर कोण हे कळायला तुम्हाला आधी बाबांची फेरी संपावी लागते." म्हणू दे. मला ही सवय लावणारी बाई आज असती, तर तिनं सुनेला आधी पाय धुवायला लावून मग समोर बसवलं असतं.

आम्ही आता सांगलीत, विश्रामबागेत राहतो. मार्गशीर्ष लागला की आमच्या रस्त्यावरून उसाच्या गाड्या जायला लागतात आणि एखाद्या संध्याकाळी वाऱ्यावर उकळत्या रसाचा वास येतो. तो माझ्या सासरच्या गावाकडून, कुंडलकडून येतो असं मी म्हणते. हे म्हणतात, "एवढ्या लांबून कसा येईल? जवळच कुठंतरी गुऱ्हाळ लागलं असेल." असेलही. पण तो वास आला की माझ्या तोंडाला आधी पाणी सुटतं आणि लगेच मी फाटकाकडं बघते. परवाही तसंच झालं. मांडीवर कादंबरी होती, शेवटची दहा-वीस पानं उरलेली, हे फिरायला गेलेले, आणि वारा सुटला. मग वाचायचं राहिलं आणि एकाहत्तर सालचा हिवाळा डोळ्यांपुढं आला.

त्याच्या थोडं आधीचं सांगायला हवं. माझं माहेर साताऱ्याचं. वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले, शिस्तीचे, पण मुलींना शिकवण्याच्या बाबतीत हट्टी. लहानपणी मी वाचनालयातली पुस्तकं माळ्यावर शेंगांच्या पोत्याला टेकून वाचायची. एक हात पानावर, एक हात पोत्यात. आई खालून हाका मारून थकायची. पुस्तक परत करताना पानापानांतून शेंगदाण्याची टरफलं झटकावी लागत. त्या वयात मी काय वाचलं ते विचाराल तर धड सांगता येणार नाही, पण नायिका अडचणीत सापडली की माझ्या घशाखाली शेंगदाणा उतरत नसे, एवढं पक्कं आठवतं.

मग मामांकडं राहून मी सांगलीच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करायला लागले आणि तिथं माझं वाचन संपलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं तसंच. पुस्तक उघडायचं ते हातात पेन्सिल घेऊन. 'नायिकेच्या स्वभावातील विसंगती स्पष्ट करा.' 'निसर्गवर्णनाचे प्रयोजन सांगा.' एखादी बिचारी रडायला लागली की मी समासात 'करुण रस' असं लिहायची आणि पान उलटायची. तिचं पुढं काय झालं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं, मार्कांशी होतं. मार्क मिळालेही चांगले. शेवटचा पेपर देऊन आले त्या दिवशी मामी म्हणाल्या, आता सुट्टीत काहीतरी छान वाच, तर मी त्यांना हातच जोडले.

लग्न होऊन कुंडलला आले ती ट्रंक घेऊन. ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली एक कादंबरी होती. रद्दीतून घेतलेली, बाइंडरनं लाल कापडात बांधलेली, वरचं नावाचं पान गेलेलं. का घेतली होती कुणास ठाऊक. वर्षभर ती शालूखालीच राहिली. घरात आम्ही चौघं: सासूबाई, ज्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी आत्याबाई म्हणायची, धाकटे दीर, मी, आणि सुट्टीवर असले तर हे. हे पलटणीत. सासरेही पलटणीतलेच, मी येण्याआधीच वारलेले.

त्या साली दिवाळीच्या आधीच ह्यांना सुट्टीवरून परत बोलावणं आलं. वरच्या आळीतल्या हिराक्कांचा मुलगा बाळू ह्यांच्याच पलटणीत होता. दोघं एकाच एसटीनं गेले. बाळू खिडकीतून ओरडला, "आक्के, येताना तुला काश्मिरी शाल आनतो गं!" आणि हिराक्का म्हणाल्या, "शाल नगं, तू ये." तेव्हा सगळे हसले होते.

मग लढाई सुरू झाली. एकीकडं ऊसतोड ऐन भरात, गुऱ्हाळाची चुलवाणं पेटलेली, दीर दिवसरात्र तिकडंच. संध्याकाळी चावडीपुढं रेडिओला माणसं गोळा व्हायची. आम्ही बायका दारात उभ्या राहून परतणाऱ्या माणसांचे चेहरे बघायचो. कुणी काही सांगत नसे. जिंकतोय, एवढंच.

आत्याबाईंचा एक नेम होता. लढाईवरचा माणूस घरी येईपर्यंत घरातल्या कुणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. सासरे मोठ्या लढाईतून सुखरूप आले ते या नेमामुळं, असं त्या ठामपणे सांगायच्या. आणि नेम म्हणजे अगदी कडक. कांदासुद्धा चिरायचा नाही. मीही नाही. शेजारच्या अमीनाभाभी रोज सकाळी आमचा कांदा चिरून द्यायच्या. त्यांचे यजमान शिंपी, त्यांच्या घरातलं कुणी पलटणीत नाही, तेव्हा त्यांना रडायला मुभा होती. डोळे पुसत पुसत त्या ताटली पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, तुमच्या वाटचं बी मीच रडले." आत्याबाईंच्या चेहऱ्यावर हसू येऊन जाई, तेवढंच. बाकी त्या बोलतच नसत.

पोस्टमन दुपारी यायचा. त्याचीही एक पद्धत होती. साधं टपाल असलं तर आळीच्या तोंडापासूनच तो सायकलची घंटी वाजवत यायचा, म्हणजे आमचा जीव भांड्यात पडायचा. तार असली तर घंटी वाजवायची नाही, सायकलवरून उतरून चालत यायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पलटणीतल्या पोरांच्या गावात टपाल वाटता वाटता त्याचं तोच शिकला होता. त्यामुळं दुपार झाली की साऱ्या आळीचे कान त्या घंटीकडं लागलेले असत.

अशाच एका दुपारी मला ते सहन होईना. हाताला काम हवं म्हणून ट्रंक आवरायला काढली आणि ते लाल पुस्तक हाती लागलं. चुलीवर दूध ठेवलं होतं. उभ्याउभ्याच पहिलं पान उघडलं. कोकणातलं एक बंदर, कौलं भरलेलं गलबत, त्यावरचा गणू नावाचा तरणा खलाशी, आणि किनाऱ्यावरच्या खोपटात एकटी राहणारी त्याची आई. उभी होते ती बसले. बसले ती भिंतीला टेकले. पेन्सिल आठवली नाही, प्रश्न आठवले नाहीत. पुढं काय, पुढं काय, एवढंच. माळ्यावरची शेंगांच्या पोत्याजवळची मुलगी इतक्या वर्षांनी परत आली होती आणि मला ती आल्याचं कळलंही नव्हतं.

दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. आणि मग जे वाटलं ते अजून विसरलेले नाही. इतका वेळ मला ह्यांची आठवण झाली नव्हती. घंटीकडंही कान नव्हता. नवरा लढाईवर आणि मी इथं गोष्ट वाचण्यात रमले होते! स्वतःची इतकी शरम वाटली की पुस्तक पदराखाली घातलं. तोच समोर आत्याबाई.

"काय लपवतीस? पोथी हाय व्हय?"

"नाही हो आत्याबाई. नुसती गोष्ट आहे. कादंबरी."

मला वाटलं आता बोलणी बसणार. उतू गेलेलं दूध समोर वाहत होतं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खाली बसल्या. "पोथीत तरी दुसरं काय आस्तंय? कुनाची तरी गोष्टच की. वाच मोठ्यानं. घर लय गप झालंय."

लाल कापडात बांधलेलं ते पुस्तक दुसऱ्या दिवशी पाटावर आलं. त्याला हळदकुंकू लागलं. आत्याबाईंना एकच वाचन माहीत होतं, पोथीचं, आणि त्याचे सगळे नियम त्यांनी माझ्या कादंबरीला लावले. पाय धुतल्याशिवाय बसायचं नाही. प्रकरण सुरू झालं की मधे उठायचं नाही आणि वाचणारानं मधे थांबायचं नाही. प्रकरण संपलं की नमस्कार. अमीनाभाभी काजं करायचे सदरे घेऊन यायच्या. नमस्काराच्या वेळी त्या सुई बाजूला ठेवून डोक्यावर पदर घ्यायच्या. आमच्यापैकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

समुद्र दोघींनीही पाहिला नव्हता. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दर्या म्हंजी केवढा? आपल्या किस्नंला पूर येतो तेवढा?" मी म्हटलं, त्याहून पुष्कळ मोठा, पलीकडचा काठच दिसत नाही. त्यांनी थोडा विचार केला. "मग त्येच्या आईला कसं कळायचं पोरगं कुटवर आलंय?"

एकदा वादळाचं वर्णन आलं आणि माझ्या अंगात बी.ए. संचारली. मी पुस्तकावर बोट ठेवून समजावायला लागले, की हे बाहेरचं वादळ म्हणजे खरं तर गणूच्या मनातलं... अमीनाभाभींनी दातांनी दोरा तोडला. "त्ये ऱ्हाऊ द्या बाय. गलबतात पानी शिरलं का न्हाई, त्ये सांगा." मी आपली मुकाट्यानं पुढं वाचायला लागले. खरं सांगते, मलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

हळूहळू आम्ही तिघी त्या वेळेची वाट बघायला लागलो. आत्याबाई कडबा बांधता बांधता म्हणायच्या, "त्या मुकादमानं गनूला फशिवलं बघ." जणू तो मुकादम खालच्या आळीत राहतो. कधी मला परत ती शरम वाटायची, की हे तिकडं आणि आम्ही इकडं रंगलोय. एकदा तसं बोलूनही दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, "त्या पोराची काळजी करताना माज्या पोराची काळजी जरा हलकी व्हती. मग त्यात काय वंगाळ?"

लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं त्या संध्याकाळी गुऱ्हाळावर गूळ वाटला. आत्याबाईंनी आपला खडा तोंडात न घालता देव्हाऱ्यात ठेवला. ह्यांचं पत्र नव्हतं. लढाईच्या आधी आलं होतं ते शेवटचं. लोक म्हणत, टपाल तुंबलंय, येईल. बाळूचंही नव्हतं, त्यामुळं हिराक्का रोज येऊन विचारून जायच्या. दोन्ही घरांना एकमेकांचाच धीर होता.

मग एका दुपारी मी शेवटून दुसरं प्रकरण वाचत होते. गलबत बंदराच्या तोंडाशी आलंय, वादळ टिपेला, किनाऱ्यावर गणूची आई कंदील धरून उभी. आत्याबाई पुढं सरकून बसलेल्या, अमीनाभाभींची सुई थांबलेली. आणि मला सायकल ऐकू आली. घंटी नाही. नुसती साखळीची टिकटिक आणि चपलांचा आवाज, सावकाश चालणारा.

मी थांबले. आत्याबाईंची नजर समोरच्या भिंतीवर होती. "वाच," त्या म्हणाल्या. "मधी थांबायचं न्हाई."

मी वाचत राहिले. काय वाचलं ते मला तेव्हाही कळलं नसेल. शब्द डोळ्यांना दिसत होते आणि तोंडातून बाहेर पडत होते, एवढंच. टिकटिक आळीत शिरली. आमच्या गोठ्यापाशी आली. अमीनाभाभींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. टिकटिक आमच्या दारासमोर आली, आणि मी एक ओळ दोनदा वाचली. मग ती पुढं गेली. वर चढायला लागली, वरच्या आळीला.

आमच्या घरावरचं गेलं म्हणून सुटकेचा श्वास सोडला, हे लिहायला जड जातं, पण सोडला. आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत वरून हिराक्कांची किंकाळी आली.

प्रकरणाच्या चारच ओळी उरल्या होत्या. आत्याबाईंनी त्या माझ्याकडून वाचून घेतल्या. गलबतावरचा दिवा दिसतोय, असं कुणीतरी ओरडतं, तिथं प्रकरण संपत होतं. त्यांनी नमस्कार केला, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि देव्हाऱ्यात गुळाच्या खड्याशेजारी ठेवलं. "शेवटचा अध्याय आता त्यो घरी आल्यावर. तवर कुनी हात लावायचा न्हाई." मग त्या वरच्या आळीला गेल्या.

मीही मागून गेले. हिराक्कांनी त्यांच्या गळ्यात पडून टाहो फोडला. आत्याबाईंनी त्यांना धरून ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, पण डोळ्यांत टिपूस येऊ दिलं नाही. ओठ पांढरे पडलेले दिसत होते मला. सगळ्या आळीचा ऊर फुटत होता आणि ही बाई कोरडी. कुणीतरी मागं म्हणालं, "दगडाची हाय बया. हिचा वाचला न्हवं." ते आत्याबाईंनी ऐकलं. हिराक्कांनीही ऐकलं असावं, कारण त्यांची मिठी सैल झाली. त्यानंतर हिराक्का आमच्या दारात आल्या नाहीत. आणि आत्याबाईही वर गेल्या नाहीत. कोरड्या डोळ्यांनी परत कशा जाणार?

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. देव्हाऱ्यात दिवा लावताना ते लाल पुस्तक समोर दिसायचं. एका दुपारी मी घरात एकटीच होते. हात धुतले, पुस्तक उचललं. माझं मला कळत होतं, की शेवट कधीचाच छापून झालाय. मी वाचल्यानं गणू बुडणार नव्हता आणि न वाचल्यानं तरणार नव्हता. एवढं कळायला बी.ए. व्हावं लागत नाही. पण बोट पानाच्या कडेशी गेलं आणि तिथंच थांबलं. न वाचलेल्या त्या पानांत गणू अजून वाटेवर होता. हेही वाटेवर होते. मी पुस्तक होतं तसं ठेवलं आणि बाहेर जाऊन गोठा झाडला.

अमीनाभाभींचा धीर माझ्याआधी सुटला होता. कांदा द्यायला आल्या की हळूच विचारायच्या, "बाय, पोचला काय गं त्यो? तोंडानं सांगू नगं, नुसती मान हलव." मी शपथेवर सांगायची की मलाही ठाऊक नाही. त्यांचा विश्वास बसत नसे.

शेवटची गुऱ्हाळं विझत आली होती तेव्हा एका सकाळी उसाच्या बैलगाडीतून एक माणूस आमच्या दारात उतरला. वाळलेला, दाढी वाढलेली, एका कानावर पट्टी. मी दारातच थिजले. आत्याबाई आतून भाकरतुकडा घेऊन आल्या, ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "लय वाळलास. भाकरी खातोस न्हवं?" रडल्या नाहीत. मला वाटलं आता तरी बांध फुटेल. पण इतके दिवस दाबून धरलेलं पाणी आत कुठंतरी गोठून गेलं असावं. ह्यांचा एक कान तोफेच्या आवाजानं कायमचा गेला होता. इस्पितळातून दोन कार्डं लिहिली होती म्हणे. ती हे आल्यानंतर घंटी वाजवत पोचली.

हे लढाईचं काही बोलत नव्हते. बाळूचं नाव कुणी काढलं की उठून गोठ्यात जायचे. वरच्या आळीला जायला हवं होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. हिराक्का वाट बघत असणार, त्यांच्या पोराला शेवटचं बघितलेलं माणूस गावात आलं होतं. पण ह्यांची पावलं तिकडं वळेनात.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी नव्या गुळाचा शिरा केला. पाट मांडला. ह्यांनाही पाय धुवून बसायला लावलं. "ही कसली पोथी?" ह्यांनी विचारलं. "बस गप," आत्याबाई म्हणाल्या. अमीनाभाभी त्या दिवशी शिवणाचं काहीच घेऊन आल्या नव्हत्या.

मी शेवटचं प्रकरण उघडलं. लांब नव्हतं ते. वादळ ओसरतं. गलबत खडकाला लागलेलं, पण माणसं एकेक करून किनाऱ्याला येतात. प्रत्येक जण आला की गणूची आई कंदील वर करून तोंड बघते. शेवटी गलबताचा प्रमुख, म्हातारा तांडेल येतो. तिच्यापुढं उभा राहतो आणि मान खाली घालतो. गणूनं दोर धरून सगळ्यांना उतरवलं होतं, आणि मग त्याच्यासाठी दोर धरायला कुणी उरलं नव्हतं. ती कंदील विझवत नाही. उजाडलं तरी विझवत नाही. तिथं पुस्तक संपलं.

नमस्कार करायचं कुणाला सुचलं नाही. आधी एक बारीक आवाज आला, ओळखू न येण्यासारखा. आत्याबाई रडत होत्या. मग पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडायला लागल्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. अमीनाभाभी रडत होत्या, माझीही अक्षरं वाहून गेली होती. हे भांबावून गेले. बरा असलेला कान आईकडं करून, तिचे खांदे धरून म्हणाले, "आये, अगं मी हाय की हितं! ह्यो बघ, मी हाय!"

"तू हाईस रं," त्या हुंदक्यातून म्हणाल्या. "त्यो न्हाई आला न्हवं."

ह्यांनी आईचे खांदे सोडले. मग खालच्या मानेनंच म्हणाले, "बाळ्यानं बी तसंच केलं, आये. आमाला म्होरं धाडलं आनि त्यो मागं ऱ्हायला." लढाईबद्दल ह्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य.

शिरा तसाच पातेल्यात होता. आत्याबाईंनी तो एका डब्यात भरला. तोंड धुतलं नाही, डोळे पुसले नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी लेकाचा हात धरला.

"चल, हिराक्काकडं जाऊ," त्या म्हणाल्या. "माजं तिथं रडायचं ऱ्हायलंय."